तेरा साते

पोस्टरवर मानसचा फोटो मोठा होता. त्याखाली ठळक अक्षरांत लिहिलं होतं: 'काला अंब'. संगीत आणि गिटार: सुधन्वा.

मानसच्या आईने, कुमुदबाईंनी, चष्मा पुसून ते पुन्हा वाचलं. मग अकरा मुलांची रांग घेऊन त्या मराठी मंडळाच्या सभागृहात शिरल्या.

रविवारी सकाळीच सभागृह भरलं होतं. पुढे मंडळाची ज्येष्ठ मंडळी आणि मागे नोएडा, गुडगाव, पार फरीदाबादहून आलेली काळ्या टी-शर्टातली पोरं. मानसला जाऊन दोन वर्षं झाली होती. डेंग्यूने सहा दिवसांत गेला, सव्विसाव्या वर्षी. दारातच एका दाढीवाल्याने वाकून बाईंच्या पायांना हात लावला.

"आंटी, मानस भैया का हाथ दिखता ही नहीं था. बस आवाज आती थी."

"लिखकर कुछ नहीं रखता था, बेटा," बाई म्हणाल्या. "सब हाथ में ही रखता था."

मंचावर सुधन्वा बोलत होता. मानसचा बालमित्र, त्याच्याच बँडमधला दुसरा गिटारवाला. "'काला अंब' ही धून मी बांधली. मानस वाजवायचा, आणि काय वाजवायचा, यार! पण लोक मला विचारतात, सातव्या ओळीला सगळी वाद्यं एकदम का थांबतात? ती जागा मी रिकामी ठेवली आहे. पानिपतावर, त्या काला अंबापाशी पडलेल्यांसाठी."

पुढच्या रांगांनी टाळ्या वाजवल्या. एका आजोबांनी डोळे टिपले.

"उद्या मी मुंबईला चाललोय. रेकॉर्डिंगला. आता ही धून जगभर जाईल."

बाईंनी त्याला महिन्याभरापूर्वी फोन केला होता. 'काकू,' तो तेव्हा म्हणाला होता, 'धून मानसची आहे म्हणता, तर काही कागद आहे का तुमच्याकडे?' कागद नव्हता. त्याच संध्याकाळी बाईंनी कॉलनीतली मुलं गोळा केली आणि त्यांना तेराचा पाढा शिकवायला घेतला. पूर्ण महिना गेला, कारण मुलं एकोणचाळीसला उनतालीस म्हणायची आणि बाई कुणावर ओरडायच्या नाहीत. पुन्हा म्हणून घ्यायच्या. पुन्हा.

"आता मानसच्या आईंनी दोन शब्द बोलावेत," सुधन्वा म्हणाला.

बाई माइकपाशी आल्या. मुलं त्यांच्या मागे उभी राहिली.

"मला भाषण येत नाही. माझी मुलं काहीतरी म्हणणार आहेत. सुधन्वा, तू साथ करशील? तीच धून वाजव. फक्त मुलांचा आवाज बुडवू नकोस."

"अरे, बिल्कुल काकू! कविता आहे का?"

"तुझ्या ओळखीची आहे."

त्याने गिटार गळ्यात अडकवली. ड्रमरने काड्या एकमेकींवर चार वेळा आपटल्या आणि पहिली ओळ खर्जात गुरगुरत निघाली. बाईंनी बोट उचललं.

"तेरा एके तेरा!"

सभागृह हसलं. मागची पोरंही हसली.

"तेरा दुणे सव्वीस! तेरा त्रिक एकोणचाळीस!"

तिसऱ्या ओळीला हसू थांबलं. प्रत्येक शब्द गिटारच्या आघातावर नेमका पडत होता, एकही पुढेमागे नाही. पुढच्या रांगेतल्या आजोबांची बोटं गुडघ्यावर ताल धरू लागली. मुलं चोक, पाचे करत चढत गेली. सुधन्वाने एकदाच बाईंकडे पाहिलं. त्याचे हात चालत राहिले. त्या धुनेत मध्येच थांबायला जागा नव्हती. एकच होती.

"तेरा सक अठ्ठ्याहत्तर!"

सातवी ओळ आली. गिटार थांबली, ड्रम थांबले. त्या रिकाम्या जागेत अकरा मुलं एका सुरात म्हणाली,

"तेरा साते एक्क्याण्णव!"

आठवी ओळ सुरूच झाली नाही. सुधन्वाची बोटं तारांवर तशीच राहिली.

बाईंनी माइक जवळ घेतला. त्या वर्गात बोलतात तशाच बोलल्या, शेवटच्या बाकापर्यंत पोचेल इतक्याच आवाजात.

"पहाडगंजच्या शाळेत तिसरीला ही दोघं एका बाकावर बसायची. माझाच वर्ग. मानसला तेरा साते कधी आलं नाही. तिथे पोचला की थांबायचा, आवंढा गिळायचा आणि एकदम आठवर उडी मारायचा. घरी, न्हाणीघरात, स्कूटरवर मागे बसून, सगळीकडे तसाच, याच ठेक्यात. सुधन्वा त्याला हसायचा. कारण सुधन्वाला वीसपर्यंतचे पाढे पाठ होते."

त्या वळल्या.

"सुधन्वा, तेरा साते?"

उत्तर त्याच्या तोंडून आपसूक निघालं. "एक्क्याण्णव, बाई."

"शाब्बास. तुला तेव्हाही येत होतं." "मग तू तिथे का थांबलास?"

मागच्या रांगेतला दाढीवाला उठून उभा राहिला. त्याच्या मागोमाग बाकीचे. ॲम्प नुसता घूं घूं करत होता.

बाईंनी कोपऱ्यातली खुर्ची ओढली. पाढा अडलेल्या पोरासमोर त्या बसत तशाच त्या सुधन्वासमोर बसल्या, हात मांडीवर घेऊन.

"सावकाश सांग," त्या म्हणाल्या. "मला घाई नाही."