बेचाळीसचा आकडा

"बयना, नवे ट्यूनर आपोआप जुळतात, हा जुना हातानंच फिरवा लागते. पण कितीबी पावर देजो, जळत नाही. मी कुठंबी असलो तरी बेचाळीसवर हाक देईन. तू बोलजो."

दूरदूरच्या लोकांशी बोलायच्या हॅम रेडिओच्या नादात, रेडिओ एरियलशी जुळवणारा तो डबा दाखवत, आमचे हे असं सांगायचे. त्यांच्या हट्टापायी मीही परवाना काढला होता, अन् 'बोलीन' म्हटलं होतं.

ते गेल्यावर मुलानं, रविकांतनं, छतावरची एरियलची तार उतरवली. रेडिओ अन् त्याला जोडलेला ट्यूनर देवघराशेजारीच राहिला. रोज मौनातली माळ झाली की मी ट्यूनर पुसते, आकडा शून्यावर आणते. सकाळी तो बेचाळीसवर असतो.

"रविकांत, तू फिरवतं काय रे?"

"आई, मी तर हप्ताभर इचोड्याला होतो. उंदीर असन तुझा एखादा भक्त!"

आज माळ ओढताना कुरकुर ऐकू आली. ट्यूनरची मूठ माझ्या डोळ्यांसमोर सावकाश फिरत होती. बेचाळीसवर थांबली. हात लावला, तर कोमट लागली.

इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मी अर्धी माळ देवापुढे ठेवली, तारेचं वेटोळं खांद्यावर घेतलं, अन् छताची शिडी चढू लागले.