रविवारचं माप

तिनं दुधाचे दोन थेंब मनगटावर टाकून पाहिले, आणि मग लक्षात आलं की हे दूध बाळाचं नाही, अप्पांचं आहे.

अप्पा पलंगाच्या कडेला पाय सोडून बसले होते. तिनं त्यांच्यासमोर स्टूल ओढलं आणि सगळं मांडलं. दोन उकडलेली अंडी, वाटीभर घट्ट दही, मूठभर शेंगदाणे, दूध. खुब्याच्या ऑपरेशननंतर त्यांचा डावा पाय वाळत चालला होता. व्यायाम घ्यायला येणाऱ्या बाईंनी बजावलं होतं, की मेहनत दिवसाची खरी, पण स्नायू भरतो तो झोपेत; तेव्हा झोपण्याआधी एवढं पोटात गेलंच पाहिजे. पाच आठवडे अप्पांनी ते औषधासारखं संपवलं. आज वाटीकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही.

"आधी माप," ते म्हणाले.

गेल्या रविवारीच त्यांनी सांगून टाकलं होतं. आणखी एकदा मोजायचं. टेप हलली नाही, तर हा रात्रीचा रतीब बंद, व्यायाम बंद, आणि दुकानातलं पायमशीन शेजारच्या रफूवाल्याला देऊन टाकायचं. मशीनवर पाय चालत नाही तो कसला शिंपी. तिनं ते हसण्यावारी नेलं होतं, पण मनातून ती धास्तावली होती. एकदा 'नको' म्हटलेलं माणूस पुन्हा 'दे' म्हणत नाही, हे तिनं आईच्या वेळी पाहिलं होतं.

ती आतल्या खोलीत डोकावून आली. बाळ गाढ झोपलं होतं. तरी तिनं त्याच्या नाकापाशी बोट धरलं, श्वास लागला, तेव्हा कुठे वही आणि टेप घेऊन ती अप्पांच्या पायाशी खाली बसली.

वही दुकानातली, मापांची. कडा तेलकट झालेल्या. छाती, कंबर, बाही, गळा, आणि मध्येच अप्पांचे शेरे: 'उजवा खांदा उतरता', 'पोट लपवून उभा राहतो, एक इंच जास्त धरणे'. शेवटच्या पानापर्यंत जाता जाता तिचा हात नेहमीसारखा एका जुन्या पानाशी थांबला. वर लिहिलं होतं, 'काडी, उजवा दंड'. खाली एकाखाली एक आकडे. आठ. सव्वाआठ. साडेआठ.

काडी म्हणजे तीच. चौदाव्या वर्षी शाळेच्या गोळाफेकीच्या संघात जायचं तिच्या डोक्यात बसलं, तेव्हा गल्लीत सगळे म्हणाले होते, गोळाच हिला फेकून देईल. अप्पा हसले नव्हते. रोज रात्री दुकान बंद करून आले की मांडीवर फडकं पसरून तिच्यासाठी अंडी सोलत बसायचे. म्हणायचे, रात्री गवंडी येतात काडे, पण पोटात माल नसला की नुसता चहा पिऊन निघून जातात. ती नाक दाबून दूध प्यायची आणि अंधारात दंड चाचपत, गवंड्यांची चाहूल घेत झोपून जायची. रविवारी अप्पा टेप लावायचे. आकडा पुढे सरकलेला असायचा. दर रविवारी. एकदाही चुकला नव्हता.

"काय वाचतेस? लाव."

गुडघ्याच्या वर सहा इंचांवर त्यांनी स्वतःच खडूची रेघ ओढून ठेवली होती. तिनं टेप फिरवली. टेपखाली कातडी सैल सरकली, जुन्या उशीच्या अभ्र्यासारखी. पंधरा. गेल्या रविवारी पंधरा, त्याच्या आधी पंधरा, पहिल्या दिवशीही पंधराच.

तिनं मान वर केली नाही. उजव्या हाताची तर्जनी तेवढी हळूच टेपखाली सरकवली.

"साडेपंधरा," ती म्हणाली.

अप्पांनी टेपकडे पाहिलं. बाहेर कुणीतरी सायकल भिंतीला टेकवल्याचा आवाज झाला. चाळीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांच्या अंगाला टेप लावली होती.

"बोट काढ, काडे."

तिनं बोट काढलं. टेप सैल पडली. तिनं टेपची सुरळी करायला घेतली.

"एवढं जाड बोट घालतात का?" अप्पा म्हणाले. "एका आठवड्यात अर्धा इंच. कोण विश्वास ठेवील? करंगळी घालायची. मी करंगळी घालायचो."

ती सुरळी करायची थांबली. मग वही पुन्हा त्या पानावर उघडली. आठ. सव्वाआठ. साडेआठ. अप्पांचं वळणदार अक्षर, एकाही आकड्यावर खाडाखोड नाही.

"हे सगळं?"

"सुरुवातीचे काही रविवार."

"पण मी संघात गेले होते, अप्पा. खरोखर गेले होते."

"मग? मी कुठे नाही म्हणतोय." अप्पांनी एक अंडं उचललं, स्टुलाच्या कडेवर टिचवलं. "नंतर नंतर करंगळीला जागाच उरेना."

ते अंडं सोलू लागले. कवचाचे बारीक तुकडे त्यांच्या वाळक्या मांडीवर, खडूच्या रेघेजवळ पडत राहिले.

"लिही," ते म्हणाले. "सव्वापंधरा."