चार गोधड्या

अंथरुणाला खिळलेल्या गुणाजीच्या पाठीला जखमा झाल्या, तेव्हा डॉक्टर म्हणाले, भारीतली फोमची गादी आणा. नदीपलीकडच्या अष्टमी गावातल्या दुकानात बायजाने किंमत विचारली आणि रिकाम्या हाताने पूल ओलांडून रोह्याला परत आली. मग नवऱ्याच्या अंगाखाली तिने कापसाची गादी घालून पाहिली, काथ्याची घालून पाहिली, शेवटी जुन्या लुगड्यांच्या चार गोधड्या एकावर एक रचल्या. जखमा चिघळतच गेल्या.

तसली गादी तिने एकाच घरात पाहिली होती. निडी गावात, मरणाला टेकलेल्या तिच्या भावाच्या, कमळाकरच्या अंगाखाली. ती त्याला बघायला गेली, तेव्हा तब्येतीचं विचारता विचारता तिचा हात गादी दाबून बघत होता. त्याने ते पाहिलं.

“मी हिच्यावर मेलो की पोरं हिला नदीवर टाकतील गो,” तो हळूच म्हणाला.

बायजाने हात मागे घेतला. तिला मान वर करवेना.

कमळाकरने मुलाला हाक मारली. “प्रवीण, मला खाली घे.”

माणसाला भुईवर घेतात ते जीव जायच्या वेळेला. घरात रडारड सुरू झाली, सून तुळशीचं पान घेऊन धावली. फरशीला पाठ टेकताच कमळाकर कण्हला. “आता गादी आत्याला दे. मी जिवंत हाय तवर चांगली हाय ती.”

गादी टेम्पोतून रोह्याला गेली.

कमळाकर त्यानंतर एकवीस दिवस जगला. बायजाने पाठवलेल्या चार गोधड्यांवर.