गालिच्यावरची मुलाखत

दार उघडलं, आतला गालिचा दिसला आणि सेनिया खाली वाकली. तिने बूट काढले, उंबऱ्याबाहेर जोडीने लावले आणि आत गेली. सारायेव्होत गालिच्यावर बुटानं कुणी पाऊल टाकत नाही. हे ती चालायला लागल्यापासून करत आली होती. पण हे कुणाचं घर नव्हतं. ही हॉटेलच्या मॅनेजरची खोली होती, ती नोकरीच्या मुलाखतीला आली होती, आणि आपण बूट काढले हे तिच्या ध्यानातही आलं नव्हतं.

तिचं सगळं लक्ष नजरेकडे होतं. सकाळी तिच्या मुलीने, इल्डाने, स्वयंपाकघरात तिची तालीम घेतली होती.

"आई, समोरच्याच्या डोळ्यांत बघून बोल. घाबरलीस की तू सुई पडल्यासारखी जमिनीवर शोधत बसतेस."

"जन्म शिलाईत गेला बाई. सुई पडतेच."

"आज नाही पडायची."

सूट आणि बूट इल्डाने मैत्रिणीच्या आईकडून मागून आणले होते. करडा सूट अंगावर शिवल्यासारखा बसला. बूट मात्र सैल झाले, म्हणून सेनियाने आत घरचे लोकरी मोजे चढवले. लाल, त्यावर हिरवी-पिवळी फुलं. बुटाच्या आत कोण बघायला येतंय?

शिलाईचा कारखाना बंद पडला होता. इथे रिसेप्शनवर जागा मिळाली नाही तर जर्मनीतल्या स्टुटगार्टची बस ठरलेलीच होती. तिकडे अनोळखी म्हाताऱ्यांची देखभाल, आणि इल्डा इकडे आत्याकडे. गल्लीतल्या निम्म्या बायका तशाच गेल्या होत्या.

मोठ्या टेबलामागे मॅनेजर झियाद बसले होते. टक्कल, जाड भुवया, चेहऱ्यावर काही वाचता येईल असं नाही. टेबलाच्या कडेला त्यांची मदतनीस नेयरा, कोवळी पोरगी.

झियादांनी आधीच्या कामाचं विचारलं, भाषांचं विचारलं. कारखान्यात जर्मन गिऱ्हाइकं यायची, त्यांच्याशी मीच बोलायचे, असं सेनियाने सांगितलं. सुरुवातीला आवाज कापत होता. तिने नजर त्यांच्या दोन भुवयांच्या मधोमध रोवली आणि तिथून हलवली नाही. हळूहळू आवाज ठिकाणावर आला.

"पाहुणा चिडला, ओरडायला लागला," झियाद म्हणाले. "काय कराल?"

"बघत राहीन."

"म्हणजे?"

"माझी सासू ओरडायची. मी मान खाली घातली की तिचा आवाज आणखी चढायचा. एक दिवस मान वरच ठेवली. काही बोलले नाही, नुसती बघत राहिले. ओरडून ओरडून बाईचा घसा सुकला. मी पाणी आणून दिलं."

झियादांची एक भुवई जराशी वर गेली. नेयरा हसली. हसता हसता तिची नजर खाली गेली आणि तिथेच राहिली.

सेनियानेही तिकडे पाहिलं. करड्या विजारीखाली, भर गालिच्यावर, फुलाफुलांचे दोन लालभडक पाय.

तिचे कान तापले. झियादांना टेबलाआडून काहीच दिसत नव्हतं. नेयरा सांगून टाकणाऱ्यातली दिसत नव्हती. उलट ती डोळ्यांनीच खुणावत होती, घ्या मागे, खुर्चीखाली घ्या. पाय वीतभर मागे ओढले असते तर गोष्ट तिथेच मिटली असती.

सेनियाने पाय हलवले नाहीत.

"साहेब, एक सांगायचं आहे. मी बूट बाहेर काढून आलेय."

"का?"

"गालिचा दिसला. आणि घाबरले होते. घाबरलं की माझं डोकं थांबतं, हात आपले चालू राहतात." ती आता भुवयांकडे बघत नव्हती, सरळ त्यांच्या डोळ्यांत बघत होती. "घालून येऊ, की आधी तुमचं विचारून होऊ दे?"

झियाद उठले. टेबलावर हात टेकून त्यांनी वाकून खाली पाहिलं. चांगलं निरखून पाहिलं.

"कुणी विणले?"

"मीच."

"इथे गणवेश असतो. निळा. बूट काळे."

"चालेल की. फक्त मापाचे द्या, म्हणजे आत हे कोंबावे लागणार नाहीत."

नेयराला हसू आवरेना. झियाद हसले नाहीत. ते खाली बसले, फोन उचलला आणि म्हणाले, "वर कॉफी पाठवा. तिघांची."

सेनियाच्या मनात हिशेब सुरू झाला. घरी आलेल्या पाहुण्याला कॉफी एकदाच मिळत नाही. आल्या आल्या मिळते ती स्वागताची. मग गप्पा रंगल्या की दुसरी. आणि शेवटी एक येते, ती समोर ठेवली की पाहुण्याने समजायचं, प्यायची आणि उठायचं. यजमानाला 'निघा' म्हणायची पाळी आणायची नाही. इथे विचारायचं ते सगळं विचारून झालं होतं.

तांब्याच्या तबकातून कॉफी आली. झियादांनी स्वतः ओतली, पहिला पेला तिच्यापुढे ठेवला. वाफ वर चढत राहिली. सेनियाने पेल्याला हात लावला नाही. ती ताठ बसली होती.

"साहेब, ही कुठली समजू? शेवटची असेल तर तसं सांगा. पिते आणि जाते. राग नाही."

झियादांनी साखरेची वाटी तिच्याकडे सरकवली.

"पहिली," ते म्हणाले.