बोलणारा कॅमेरा

अगं, ऐक ना, आमच्या दादाचं सांगते! तो दुकानांमध्ये कॅमेरे बसवतो, तर एक घरातही लावला, हॉलमधल्या कपाटावर, त्यातून बोलता येतं असला. वहिनी आणि तो दोघंही कामावर. घरी मी आणि त्यांची चार वर्षांची ठमी. तिकडे शिडीवर उभा राहून हा मोबाईलमध्ये बघतो आणि इकडे कपाटावरून आवाज येतो, "ठमे, खुर्चीवरून उतर, पडशील!" मग तीही खालून त्याला चित्रं दाखवते, गाणी म्हणते, आणि वरून येतं, "वा गं माझी राणी!" घरी आल्यावर मात्र याचे गिऱ्हाइकांचे फोन संपता संपत नाहीत. ही बिचारी त्याच्या शर्टाचं टोक ओढून ओढून तशीच झोपून जाते.

शेवटी परवा मीच झापलं त्याला, "दादा, एक दिवस तरी पोरीचा हो ना!" तर रविवारी त्याने खरंच मोबाईल बंद केला, कॅमेराही बंद केला आणि सकाळपासून फरशीवर मांडी घालून तिच्याशी खेळत बसला. इतका खूश होता ना! तेवढ्यात धावताना ठमीचं कपाळ टेबलाच्या कोपऱ्यावर आपटलं, हे एवढं टेंगूळ! दादाने घाबरून दोन्ही हात पसरले, "ये ये, बाबाकडे ये!"



ती रडत रडत त्याच्या शेजारून पुढे पळाली, कपाटासमोर जाऊन उभी राहिली आणि वर हात करून म्हणाली, "बाबा, खूप लागलं रे, लवकर घरी ये ना!"