हौसाबाईंचा मंद लेसर

तीस वर्षं दगडखाणीत काढलेल्या हौसाबाई दाभाडे खेळातला लघुग्रहही घाईनं फोडत नसत. लेसर मंद ठेवला की बर्फाची वाफ न होता दुप्पट पाणी निघे. पण उशीर झाला म्हणून खेळ गुण कापी. आज तर सगळ्या खेळाडूंच्या पडद्यावर हुकूमच आला: पूर्ण ताकदीनं खणा. वैतागून त्यांनी खेळाच्या कंपनीला फोन लावला.

"अहो, खडकाला तडा गेलाय. जोर लावला तर सगळा फुटेल! एवढंही कळत नाही?"

पलीकडची मुलगी चाचरली. "मावशी, हा खेळ नाही. दगड खरा आहे, तुमचा लेसरही. त्यावर आमची नऊ माणसं पाण्याची वाट बघताहेत."

"मग आजवर तोंडं शिवली होती का तुमची?" हौसाबाई कडाडल्या आणि लेसर आणखी मंद करत म्हणाल्या, "आधी तो हुकूम बाकीच्या खेळाडूंच्या पडद्यावरून काढ!"