बारवेतली सहावी डबी

डबी जागेवर नव्हती. अश्विनीने दगडांच्या फटीत कोपरापर्यंत हात घातला. माती लागली, वाळकी पानं लागली. डबी नाही. पुण्याहून निघालेले खेळाडू मिरजगाव सोडून आत वळले होते. अर्ध्या तासात ते इथे पोचणार होते.

अक्षांश-रेखांश बघत लपवलेली डबी शोधायची, असा हा मोबाईलवरचा खेळ. अश्विनी गावच्या हायस्कूलमध्ये इतिहास शिकवायची. तिने गावात सहा डब्या लपवल्या होत्या, प्रत्येकीत त्या त्या जागेची हकीकत लिहिलेली चिठ्ठी. वेस, चावडी, बाजारतळ असं करत सहावी डबी या बारवेत.

"ही शोधताय का?"

वर काठावर काकासाहेब उभे होते. शाळा चालवणाऱ्या संस्थेचे अध्यक्ष. डबी त्यांच्याच हातात होती. पायऱ्या उतरत ते चिठ्ठी मोठ्याने वाचू लागले.

"'गावकुसाबाहेरच्या बायकांना बारवेत उतरायची बंदी होती. रिकाम्या घागरी घेऊन त्या काठावर उभ्या राहत. कुणाला दया आली, तर त्यांना वरून पाणी ओतलं जाई.' मॅडम, हे पुण्याच्या लोकांना दाखवायचं? गावाला अब्रू हाय का न्हाई?"

"खरं आहे ते, साहेब."

"आमच्या पणज्यानं बांधलेली बारव हाय ही. एवढ्या वळी खोडा. न्हाईतर तुमच्या बदलीचं बघावं लागंल."

त्यांनी चिठ्ठी तिच्या हातात दिली. लेक यंदा बारावीला होती. तेवढ्यात फोन वाजला. गाडी वेशीपाशी आली होती. तिने पेन काढला. तीनच तर ओळी आहेत, तिने स्वतःला समजावलं. पेन टेकवला, उचलला, पुन्हा टेकवला.

"काय लिवलंय गं बाई त्यात?"

शेळ्या घेऊन आलेली रंगुबाई काठावरून विचारत होती. ऐंशी ओलांडलेली, गावकुसाबाहेरच्याच वस्तीतली. अश्विनीने वाचून दाखवलं.

"खोटं हाय," रंगुबाई म्हणाली.

काकासाहेब हसले. "ऐका मॅडम."

"बंदी हुती, ते खरं. पन आमी कुनाच्या दयेची वाट न्हाई बघितली." रंगुबाईने काठीने मागच्या भिंतीतल्या खोबण्या दाखवल्या. "दुपारी गाव जेवून आडवं झालं, की आमी पोरी तिथनं उतरायचो. घागर भरायची, दोरानं वर वढून घ्यायची. कुनी येताना दिसलं, की त्या समोरच्या घरातली नवी सून जोरात खोकायची. आमी पसार. दोन साल खोकली बिचारी. एकदा बी घावलो न्हाई."

"कुणाची सून?" अश्विनीने विचारलं.

रंगुबाईने पहिल्यांदाच काकासाहेबांकडे नीट पाहिलं.

"ह्यांची आई."

वर रस्त्यावर गाडीचा हॉर्न वाजला. अश्विनीने चिठ्ठी उलटी केली आणि मागच्या कोऱ्या बाजूवर रंगुबाईने सांगितलेलं भराभर लिहू लागली. काकासाहेबांनी अडवलं नाही. ते पायरीवर बसले होते, त्या खोबण्यांकडे बघत.

"चाळीस वर्षं एका घरात हुतो आमी," ते म्हणाले. "मला कवाच बोलली न्हाई ती."

"कुनाला बोलनार?" रंगुबाई म्हणाली. "घरात समदी तुमच्यासारखीच."